फिनिक्सबद्दल थोडी भर
कुणीतरी म्हटलंय की हजारो लोक वेबसाइटला एकदम जोडले गेले की फंक्शनल भाषा (सगळं काम फंक्शन्समध्ये मांडणाऱ्या प्रोग्रामिंग भाषा) मार खातात. एलिक्सिर ही अशीच एक भाषा, आणि फिनिक्स हे तिच्यातलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. तिच्या बाबतीत तरी हे पटत नाही. ती चालते अर्लांग या जुन्या भाषेच्या बीमवर (प्रोग्राम चालवणारं व्हर्च्युअल मशीन), आणि अर्लांग जन्मालाच आली एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत, टेलिफोन एक्स्चेंजसाठी. 2015 मध्ये फिनिक्सवाल्यांनी एकाच सर्व्हरवर (40 कोरचा, तगडा गडी) 20 लाख वेबसॉकेट कनेक्शन (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी) जोडून दाखवली होती.

सोलापूरच्या मार्केट यार्डातले कांदा लिलावाचे भाव मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं छोटं काम मी लाइव्हव्ह्यूमध्ये (फिनिक्सची सर्व्हरवरून पान ताजं ठेवणारी सोय) करतोय. प्रत्येक मोबाइलमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस (बीमवर स्वतंत्र चालणारं छोटं काम). एक कोसळली तर शेजारणीला पत्ताही नसतो. ब्राउझर परत जोडून घेतो, नवी प्रोसेस उभी राहते. भाव बदलला की पबसब (फिनिक्समधली निरोप वाटायची सोय) सगळ्यांना कळवतं, आणि पानाचा बदललेला तुकडा तेवढा जातो. निरोप वाटायला रेडिससारखा वेगळा डेटा सर्व्हर लागलाच नाही.

खरी डोकेदुखी रेंजची. ती गेली की बटणं नुसती शोभेची, आणि परत जोडल्यावर माउंट (पान सुरू करणारं फंक्शन) नव्याने चालतं, असाइन्समधलं (प्रोसेसने लक्षात ठेवलेलं) सगळं साफ. त्यामुळे शेवटचा भाव डेटाबेसमध्ये ठेवतो. ऑफलाइन चालणारं ॲप हवं असेल तर मात्र लाइव्हव्ह्यूच्या वाटेला जाऊ नका.