कतार: पैशाचा माज की विम्याचा हप्ता?

तिरकस तात्या
काल इथे कोणीतरी लिहिलं, 'कतारने फुटबॉलचा वर्ल्डकप भरवला, पॅरिसचा पीएसजी क्लब विकत घेतला, निव्वळ पैशाचा माज.' डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय. अहो जरा नकाशा काढा. पाठीला सौदी, समोर इराण, आणि ज्या गॅसवर चूल पेटते तो नॉर्थ फील्ड नावाचा साठा समुद्राखाली इराणशी सामाईक. १९९० ला इराकने कुवेत एका रात्रीत गिळला ते यांनी शेजारून बघितलंय. मग अल जझीरा चॅनल काढलं, अमेरिकेला अल उदेदचा हवाई तळ दिला, २०१० ला लंडनचं हॅरॉड्स दुकान घेतलं, त्याच वर्षी वर्ल्डकपचं यजमानपद पदरात, २०११ ला पीएसजी. हा विमा आहे विमा. उद्या कोणी रणगाडे घातले तर लंडन-पॅरिसवाल्यांच्या खिशाला झळ बसली पाहिजे.

खडूस काकू
पीएसजीत नेमारला आणायला २२ कोटी २० लाख युरो, हा कुठल्या पॉलिसीचा हप्ता हो? आणि युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, मिळाली कधी, तर नेमार, मेस्सी, एमबाप्पे हे तिन्ही महागडे खेळाडू गेल्यावर, २०२५ ला.

तिरकस तात्या
काकू, तारखा बघा. सौदी आणि मित्रांनी कतारची नाकेबंदी केली जून २०१७ ला, नेमार ऑगस्ट २०१७. 'आमचं दिवाळं निघालेलं नाही' हे सौदीला सांगायचं होतं.

दोहा रिटर्न
मी तेव्हा तिथेच होतो. सुपरमार्केटात दुधाचे रॅक रिकामे, कारण दूध सौदीहून यायचं. दोन दिवसांत तुर्कीचं आलं, लेबल वाचता येईना, बायकोने ताक समजून चहात घातलं नाही. नंतर तर विमानाने गाई आणल्या. त्यामुळे तात्यांचं बरोबर. पण विम्याचा हप्ता भरला कोणी? २०१५ ला वडील गेले, देश सोडायला लागायच्या एक्झिट परमिटवर कफीलची, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाची सही हवी, आणि तो सुट्टीचा शुक्रवार, साहेब गायब. तिसऱ्या दिवशी निघालो, दापोलीला पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं. स्टेडियमच्या कामावर ३ मेले म्हणत होते, २०२२ ला आयोजन समितीचा माणूसच टीव्हीवर वर्ल्डकपची सगळी कामं धरून ४०० ते ५०० बोलून गेला.

तिरकस तात्या
वाईट वाटलं दादा. पण ती परमिटची अट बहुतेकांसाठी २०१८ ला गेली, आणि ती वर्ल्डकपमुळे जगाने डोळे वटारले म्हणून.

दोहा रिटर्न
हो का. मग बाबांनी तीन वर्षं थांबायला हवं होतं.

सांगलीचा सेंटर फॉरवर्ड
ते सगळं सोडा, जून २०२४ च्या भारत-कतार वर्ल्डकप पात्रता मॅचचं बोला! दोह्यात आपण १-० पुढे, छांगतेचा गोल, ७३ व्या मिनिटाला बॉल लाइनच्या बाहेर, आपला गोलकीपर गुरप्रीत थांबला, त्यांनी मागे ओढून आत मारला आणि रेफ्रीने गोल दिला. पात्रतेची तिसरी फेरी हुकली. इथे विमा नाही, सरळ दरोडा.

खडूस काकू
त्या राउंडला व्हीएआरच, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोयच नव्हती. आणि कतार पुढच्या फेरीला आधीच पात्र, पोरंसोरं उतरवलेली. पैसे कशाला चारतील?

सांगलीचा सेंटर फॉरवर्ड
चारले कुठे म्हणालो मी? बॉल बाहेर होता एवढंच म्हणतोय.

तिरकस तात्या
८५ व्या मिनिटाला दुसरा गोल खाल्ला तो पण बाहेर होता का? कुवेतशी घरच्या मैदानावर ०-० केलं नसतं तर ही वेळच आली नसती.

सांगलीचा सेंटर फॉरवर्ड
तुम्ही कधी बूट घातलेत का पायात, नुसती पॉलिसी विकताय सकाळपासून.

तिरकस तात्या
बरं बाबा, बॉल बाहेर. खूश? आता मूळ मुद्द्यावर या.

सांगलीचा सेंटर फॉरवर्ड
आत्ता परत बघितलं, स्लो करून. चांगला वीतभर बाहेर होता.