प्रश्न फक्त मेन्यू वाचण्याचा नाही

दृष्टिहीन माणसाने प्रसारणासाठी ध्वनिसंपादनाचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असा प्रश्न इथे चर्चेत आहे. ‘स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, मेन्यू वाचले की झालं, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरे’ हे त्यावरचं एक मत नुसत्या काटछाटीपुरतं पटतं. ध्वनी वाजत असतानाच चौकटी कंसाची डावी कळ दाबून निवडीची सुरुवात आणि उजवीने शेवट ठरवायचा, मग डिलीट. मुलाखतीतला खोकला असा कानाने पकडून काढता येतो, माउसला हात लावावा लागत नाही.

प्रसारणाच्या कामात खरी अडचण येते ती मीटरपाशी. मीटर म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारं, पडद्यावर हलणारं चित्र, ते स्क्रीन रीडर वाचणार कसं? म्हणून माझं मत रीपर हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर आणि त्यावर स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीचं ओसारा हे मोफत एक्स्टेंशन, या जोडीला. ओसारातला पीक वॉचर ट्रॅकची पातळी बोलून सांगतो, ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली की लगेच कळतं. शिवाय रेंडर करताना, म्हणजे अंतिम फाइल बनवताना, लाउडनेसचं (एकूण जाणवणाऱ्या आवाजाचं) लक्ष्य थेट आकड्यात लिहिता येतं. ईबीयूच्या (युरोपीय प्रसारकांच्या संघटनेच्या) आर १२८ शिफारशीप्रमाणे ते −२३ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक), आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वोच्च टोक, −१ डीबीटीपीच्या आत. इथे डोळ्यांचं काही कामच उरत नाही. शिकायला वेळ लागतो, कळांची जोडणी बरीच मोठी आहे, पण ती मेहनत वाया जात नाही.

आणखी एक, इथे कोणी लिहिलेलं दिसलं नाही: एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये त्याच्या आवाजासाठी वेगळं आउटपुट निवडा, मिक्सरला जोडलेलं साउंड कार्ड फक्त रीपरसाठी ठेवा. नाहीतर थेट कार्यक्रमात स्क्रीन रीडरची बडबडही श्रोत्यांपर्यंत जाते.