मदत हवी आहे: एनपीटीईएलचे मेल मुलं चॅटबॉटकडून समजून घेतात, त्यांना नेमकं काय सांगू?

सातपुडा

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या बऱ्याच मुलामुलींच्या घरी पावरी नाहीतर भिली बोलतात. मराठी त्यांना शाळेत भेटली, इंग्रजी त्याच्याही नंतर. यंदा जुलैच्या सत्रात बी.एस्सी.च्या काही जणांनी स्वयमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर, एनपीटीईएलचे (आयआयटी वगैरेंच्या प्राध्यापकांचे) बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम घेतले आहेत. व्हिडिओ नेटाने बघतात, वाचनालयातल्या संगणकांसाठी रांग लागते. प्राध्यापकांचं इंग्रजी फळ्यावरच्या गणिताच्या आधाराने कळतं. गाडी अडते ती मेलपाशी.

मेल सारखे येत असतात. या आठवड्याचा भाग खुला झाला, असाइनमेंटची मुदत जवळ आली, मागच्या असाइनमेंटची उत्तरं टाकली आहेत, थेट सत्र अमुक वाजता, परीक्षेचा अर्ज सुरू झाला, अभिप्राय द्या. ज्यांनी दोन अभ्यासक्रम घेतलेत त्यांना हे सगळं दुप्पट. आमचे स्पॉक सर (महाविद्यालयातर्फे या अभ्यासक्रमांचं काम बघणारे) भौतिकशास्त्राचे आहेत, त्यांच्यामागे विभाग आहे, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं आहेत. प्रत्येक मेल घेऊन त्यांच्या दारात उभं राहायला मुलं बिचकतात. म्हणून आता मेल कॉपी करतात, फोनवरच्या चॅटबॉटमध्ये टाकतात आणि 'मराठीत सांग' म्हणतात.

मला हे आवडलंय, हे आधीच सांगते. जी मुलगी वर्षभर कोणाला काही विचारत नव्हती ती आता स्वतः मेल उघडून वाचते. तिच्या हातातून हे काढून घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. पण गेल्या काही आठवड्यांत जे बघितलं त्याने काळजी वाटायला लागली आहे.

एका मुलीला चॅटबॉटने सांगितलं, 'तुम्ही तिसरी असाइनमेंट सबमिट केलेली नाही.' तिने ती आधीच भरली होती. घाबरून पुन्हा भरायला बसली. मूळ मेल मी वाचला तर त्यात होतं की ज्यांनी अजून भरली नसेल त्यांनी भरावी.

दुसरा एक मुलगा. भात लावणीसाठी घरी गेला, दोन असाइनमेंट राहिल्या. मुदत संपल्याचा मेल त्याने चॅटबॉटला दाखवला, आणि उत्तर आलं की आता तो प्रमाणपत्राला पात्र नाही. त्या दिवसापासून त्याने व्हिडिओ बघणंच सोडलं. हुशार मुलगा आहे हो. मला खरंखोटं माहीत नव्हतं, त्यामुळे मी त्याला थांबवूही शकले नाही.

आणि सगळ्यात जास्त धास्ती परीक्षेच्या अर्जाची. शेवटच्या तारखेचा मेल आलाय. दोघीतिघींना चॅटबॉट म्हणाला, 'तुमची नोंदणी झालेली आहे, काही करायची गरज नाही.' हे खरं असेल का? तारीख निघून गेली तर सगळी मेहनत वाया जाईल.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: तो मुलगा खरंच बाद झालाय का? परीक्षेचं नेमकं काय असतं? मेल सगळ्यांना गेलाय की खास त्या मुलासाठी आहे, हे कशावरून ओळखायचं? चॅटबॉटला प्रश्न कसा घातला म्हणजे तो मेलमध्ये आहे तेवढंच सांगेल? पुढे हॉल तिकीट येईल, तेही मुलं त्यात टाकतील, ते चालेल का?

वर्गपाठ

ताई, आधी त्या मुलाला बोलावून घ्या, बाकीचं नंतर वाचा. तो बाद झालेला नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं स्पॉकचं काम बघतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारा असाइनमेंटपैकी सगळ्यात चांगल्या आठ धरतात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठपैकी सहा, चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चारपैकी तीन. त्या आठांच्या सरासरीला अंतिम गुणांत २५ टक्के वजन, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. प्रमाणपत्रासाठी दोन्हीकडे वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. म्हणजे दोन्हीकडे ४० टक्के.

आता त्याचा हिशोब मांडा. दोन राहिल्या, दहा उरल्या, त्यातल्या उत्तम आठ मोजल्या जातील. आठांत सरासरी निम्मे गुण मिळवले तरी २५ पैकी साडेबारा होतात. लावणीसाठी घरी जाणाऱ्या मुलांना ही सवलत फार मोलाची आहे. आमच्याकडेही दरवर्षी कोणी ना कोणी आजारपणामुळे नाहीतर घरच्या लग्नामुळे एखादा आठवडा गमावतं.

चॅटबॉटने असं का सांगितलं असेल? मुदत संपल्याच्या मेलमध्ये आठचा नियम सहसा लिहिलेलाच नसतो. तो अभ्यासक्रमाच्या माहितीपानावर असतो. मेलमध्ये फक्त 'मुदत संपली' एवढंच दिसलं, पुढचं त्याने स्वतःच जोडलं.

परीक्षेबद्दल मात्र तुमची धास्ती अगदी योग्य आहे. अभ्यासक्रमात नाव घालणं आणि परीक्षेचा अर्ज भरणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली मोफत, कोणालाही खुली. दुसरीसाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क (गेल्या काही सत्रांत एका परीक्षेला हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना सवलत असते, ती अर्जातच नीट बघा, तुमच्या मुलांसाठी हे महत्त्वाचं आहे), आणि परीक्षेचं शहर निवडायचं. हा अर्ज भरला नाही तर बाराही असाइनमेंट उत्तम असल्या तरी प्रमाणपत्र मिळत नाही. त्या मुलींना आजच्या आज संगणकावर बसवा, पोर्टलवर लॉगिन करून अर्जाची स्थिती त्यांच्याच डोळ्यांनी बघू द्या. शुल्क भरल्याची पावती दिसली तरच झालं म्हणायचं.

अर्जात नाव भरताना घाई नको. तिथे लिहाल तसंच प्रमाणपत्रावर छापून येतं, वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग सगळं. शहर निवडताना पहाटेची एसटी कुठून मिळते ते आधी बघा, कारण परीक्षेचं सत्र सकाळचंही असू शकतं.

आणि ज्या मुलीने पुन्हा असाइनमेंट भरली तिला सांगा, काही बिघडलं नाही. मुदतीपर्यंत कितीही वेळा भरता येते, शेवटी भरलेली धरतात. पण घाईत पुन्हा भरताना आधीचं बरोबर उत्तर बदललं तर गुण जातात. भरलेली असेल तर तिला हात न लावलेला बरा.

निळीशाई

सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे चॅटबॉटच्या बाजूने लिहिते.

चॅटबॉटला फक्त तुम्ही चिकटवलेला मजकूर दिसतो. मुलीच्या खात्यात काय भरलंय, कोणता अर्ज झालाय, यातलं काहीच त्याला दिसत नाही. तरीही 'माझं झालं का?' असं विचारलं की तो उत्तर देतो, आणि ते ठाम वाटतं. म्हणून मुलांना एक सवय लावा: मेलमध्ये काय लिहिलंय ते चॅटबॉटला विचारायचं, स्वतःचं काय झालंय ते पोर्टलवर बघायचं.

हे मेल यंत्रणेतून एका वेळी हजारो विद्यार्थ्यांना जातात. मुलाचं नाव न घेता सगळ्या विद्यार्थ्यांना मिळून संबोधलेलं असेल, त्याच्या गुणांचा किंवा अर्ज क्रमांकाचा उल्लेख नसेल, तर तो सगळ्यांसाठीचाच समजा. अशा मेलमध्ये 'जर भरलं नसेल तर', 'ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी' अशी वाक्यं असतात. थोडक्यात सांगताना चॅटबॉट नेमका हा 'जर' गाळतो, आणि मग सूचना आरोपासारखी ऐकू येते. नाव घेऊन आलेला प्रत्येक मेल खास त्याच्यासाठीच असतो असंही नाही, नावसुद्धा यंत्रणा आपोआप घालते.

प्रश्न असा घालायला शिकवा. हा मजकूर छापून संगणकांजवळ लावलात तरी चालेल:

'खाली एक मेल आहे. तो सोप्या मराठीत सांग. प्रत्येक मुद्द्याखाली मेलमधलं मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं दे. तारखा आणि वेळा बदलू नकोस. एखादी गोष्ट अट म्हणून लिहिली असेल तर अट ठेव. मेलमध्ये जे नाही ते स्वतःहून सांगू नकोस, "मेलमध्ये नाही" असं लिही. माझा अर्ज किंवा असाइनमेंट झाली का, याचा अंदाज करू नकोस.'

मूळ वाक्य शेजारी आलं की तारीख तरी मुलं स्वतः पडताळू शकतात, आणि हळूहळू तीच तीच इंग्रजी वाक्यं ओळखीची होतात. मेलचा विषय आणि आल्याची तारीख धरून पूर्ण मेल टाकायचा, मधलाच तुकडा नको. 'उद्यापर्यंत' लिहिलं असेल तर कुठल्या दिवसाचं उद्या, हे तारखेशिवाय कोणालाच कळणार नाही.

दिलेली मराठी जड वाटली तर 'अजून सोपं कर' म्हणायला संकोच करू नका, तो कंटाळत नाही. हा त्याचा खरा उपयोग आहे. ताई, तुम्ही मुलांना अडवलं नाहीत ते फार चांगलं केलंत.

गोदाकाठ

हॉल तिकीट चॅटबॉटमध्ये टाकू नये. त्यावर फोटो, सही, जन्मतारीख असं सगळं असू शकतं. त्यावरच्या सूचना समजायला हव्या असतील तर तेवढाच भाग कॉपी करावा. मेलमधूनही रोल नंबर, फोन नंबर, ओटीपी आधी खोडून टाकावेत. दिलेला मजकूर चॅटबॉटच्याच प्रशिक्षणासाठी वापरू नये अशी सोय बऱ्याच चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये असते, ती बंद-चालू कशी करायची ते एकदा सगळ्यांना दाखवून द्या.

आणि पैसे मागणारा मेल खरा आहे का, हे चॅटबॉटला विचारू नये. खोटा मेलही तो तितक्याच छान मराठीत समजावून सांगेल. मेलमधल्या लिंकवरून पैसे भरायचेच नाहीत, एनपीटीईएलचं किंवा स्वयमचं पोर्टल स्वतः उघडून तिथूनच पुढे जायचं.

सातपुडा

सगळ्यांचे मनापासून आभार. तो मुलगा आज आला होता. वर्गपाठ सरांचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. माझ्यासमोर बसून त्याने राहिलेला व्हिडिओ लावला आणि या आठवड्याची असाइनमेंट भरली. मुलींचे परीक्षेचे अर्ज खरंच भरलेले नव्हते. दोघींचे झाले, तिसरीच्या शुल्काची सोय उद्या होईल, तिच्या नावाचं स्पेलिंग मी स्वतः दहावीच्या गुणपत्रिकेवरून तपासलं.

अजून एक विचारायचंय. काही मुलं चॅटबॉटशी पावरीत बोलून बघतात. उत्तर मराठी, हिंदी, गुजराती मिसळून येतं. यावर काही करता येईल का?

निळीशाई

पावरीसाठी त्यावर विसंबू नका. अशा भाषांतलं लिखित साहित्यच त्याच्यापर्यंत फार थोडं पोचलेलं असतं, त्यामुळे तो शेजारच्या भाषांतून जुळवाजुळव करतो. तारखा आणि अटींच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. मराठी उत्तर घ्या आणि वरच्या वर्गातल्या पावरी बोलणाऱ्या एखाद्या मुलीला ते बाकीच्यांना सांगायला लावा.

वर्गपाठ

सहमत. साप्ताहिक असाइनमेंटची मुदत सहसा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते, तेव्हा पावरीत सांगणाऱ्या त्या मुलीला सोमवारी बसवा, म्हणजे मंगळवार हातात राहतो. प्रत्येक अभ्यासक्रमाची पुढची तारीख पोर्टलवरून बघून फलकावर लिहा, मेलवरून नको, कारण मुदत वाढली तर ती पोर्टलवर बदललेली दिसते. काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचा लिखित मजकूर एनपीटीईएलच्या संकेतस्थळावर मराठीतही आहे. तुमच्या मुलांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नावं इथे टाका, त्यांचा आहे का ते मी शोधून देतो. आणि प्रमाणपत्राचे क्रेडिट पदवीत धरायचे असतील तर तुमच्या स्पॉक सरांशी आत्ताच बोला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने ते कसं लागू केलंय हे परीक्षा विभागाकडून लेखी घेतलेलं बरं.