‘याओ ली’ला मराठीत काय म्हणाल?

शेजारधर्म
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. मी कॅलिफोर्नियात गार्डन ग्रोव्हला राहतो. इथून वेस्टमिन्स्टरपर्यंतच्या पट्ट्याला लिटल सायगॉन म्हणतात. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडल्यावर देश सोडून आलेली माणसं, आणि आता त्यांची नातवंडं. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी शेजाऱ्यांवर लेख लिहितोय. शेजारच्या ताई आठवडाभर दातांच्या दवाखान्यात काम करतात आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना ‘याओ ली’ शिकवतात. म्हणजे कॅथलिक धर्माची शिकवण: प्रार्थना, आज्ञा, संस्कार, सगळं.

आधी मी ‘धर्मशिक्षण’ लिहिलं. बायको म्हणाली, सरकारी खात्याचं नाव वाटतंय. मग ‘संस्कारवर्ग’ केलं, तर डोळ्यांसमोर शुभंकरोती आणि खडीसाखर उभी राहिली. चांगला शब्द आहे का?

मोडतोड
कॅटेकिझम लिहा आणि मोकळे व्हा. ‘टेबल’ला कोण प्रतिशब्द शोधतं?

शेजारधर्म
लिहिलं असतं. पण अंक वाचणाऱ्या आमच्या काका-काकूंपैकी किती जणांना कळेल? तळटीप द्यावी लागेल, आणि दिवाळी अंकात तळटीप म्हणजे फराळात कडुलिंब.

शांघायकर
शब्द फोडून बघू. मला चिनी येते, व्हिएतनामी कामापुरती. दोन्ही भाग चिनीतून गेलेत. ‘याओ’ म्हणजे शिकवण, धर्म. ‘ली’ म्हणजे तत्त्व, कारण, संगती. व्हिएतनामीत एखाद्याचं म्हणणं पटलं की ‘को ली’ म्हणतात. त्यात ‘ली’ आहे, म्हणजे तुझ्या बोलण्यात अर्थ आहे. तोच हा ‘ली’. शिकवणाऱ्या व्यक्तीला ‘याओ ली विएन’.

एक सावधगिरी. उत्तरेकडचे लोक ‘झाओ’ म्हणतात, दक्षिणेकडचे ‘याओ’. लिटल सायगॉनमध्ये दोन्ही ऐकू येईल, कारण 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतले लाखो कॅथलिक दक्षिणेत आले आणि तिथून पुढे अमेरिकेत. आणि सूर चढता हवा. सपाट सुरात ‘याओ’ म्हणालात तर अर्थ होतो सुरी. ‘ताई रविवारी मुलांना सुरी शिकवतात’ असं नको व्हायला.

मोडतोड
पुण्यात चालेल.

आगाशीची
मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे चर्चच्या फळ्यावर ‘धर्मशिक्षण’ असंच लिहिलेलं असायचं, त्यामुळे मला त्यात सरकारी खातं दिसत नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर खेळायला न सोडणाऱ्या सिस्टर दिसतात. गोव्यात ‘दोतोर्न’ म्हणतात, पोर्तुगीज शब्दाची कोकणी झालेली. दोतोर्नेक वचप, म्हणजे त्या वर्गाला जाणं. शब्द गोड आहे, पण तुमच्या काका-काकूंना कॅटेकिझमहून अवघड जाईल.

तुमच्या ताई ‘बाप्तिस्मा’ला काय म्हणतात हो? आमच्याकडे ‘स्नानसंस्कार’ही चालतं.

शेजारधर्म
विचारून आलो. ‘रुआ तोय’. रुआ म्हणजे धुणे, तोय म्हणजे पाप. पाप धुणे, विषय संपला. मला गंमत वाटली, कारण आपल्याकडे ‘तोय’ म्हणजे पाणी.

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, त्यांच्याकडे ‘थेम सुक’. थेम म्हणजे भर घालणे, सुक म्हणजे ताकद. ताकद वाढवणे! आमचा ‘दृढीकरण’ शब्द त्यापुढे सिमेंटच्या जाहिरातीसारखा वाटतो. (हा ‘थ’ अगदी आपल्या थाळीतला आहे. इंग्रजीत वाढलेल्या त्यांच्या मुलांना तो जमत नाही, मला पहिल्या झटक्यात जमला. ताईंनी वर्गात माझं उदाहरण दिलं म्हणे.)

शांघायकर
‘रुऑक ले’ विचारलंत का? म्हणजे कम्युनियन, मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद, घेणं. त्यातलं ‘रुऑक’ हे साधं घेणं नव्हे. नवरी आणायला वऱ्हाड जातं तेव्हा हेच क्रियापद, मिरवणुकीलाही हेच. मानाने, वाजतगाजत घरी आणणं.

पोथीनिष्ठ
आपल्याकडे ‘मूळ जाणं’ होतं की. लेकीला सासरी न्यायला मूळ यायचं. नुसतं ‘आणायला’ नाही, मानाने आणायला. आता तो शब्द जात्यावरच्या ओव्यांतच उरलाय.

थोडा इतिहास सांगतो, शब्दाशी संबंध आहे. व्हिएतनामी आज रोमन लिपीत लिहिली जाते. त्या लिपीतली पहिली छापील पुस्तकं 1651 मध्ये रोमला निघाली: एक शब्दकोश आणि एक ‘याओ ली’चं पुस्तक. दोन्ही अलेक्झांडर द रोड या जेझुइट (येशूसंघी) पाद्र्याच्या नावावर आहेत, तरी लिपी एकट्याची नाही. आधीच्या पोर्तुगीज पाद्र्यांच्या टिपणांवर ती उभी आहे. शिकवणीच्या पुस्तकाचे आठ दिवस पाडलेत, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. पानावर दोन रकाने: एकात लॅटिन, शेजारी व्हिएतनामी. म्हणजे त्या लिपीतलं छापील गद्य धर्म शिकवायला बसलं आणि तिथेच अक्षर गिरवायला शिकलं.

आता आपल्या अंगणात या. हा द रोड पूर्वेकडे निघाला तेव्हा वाटेत 1619 मध्ये गोव्यात उतरला. त्याच वर्षी गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट वारला. ज्याचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्याच राचोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. स्टीफन्सचं दोतोर्नेचं कोकणी पुस्तक तर त्याच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये छापलं. एक माणूस परक्या भाषेत धर्म कसा सांगायचा ते आयुष्यभर करून गेला, दुसरा तेच करायला निघाला होता.

आगाशीची
काका, स्टीफन्सने ओव्या लिहिल्या आणि आम्हाला पाठ करायला मिळाली प्रश्नोत्तरं. हा अन्याय आहे.

शांघायकर
अजून एक शब्द राहतोय, ‘दाओ’. चिनी ताओच तो, म्हणजे मार्ग. व्हिएतनामीत धर्माला सर्वसाधारण शब्द हाच. पण बोलण्यात ‘को दाओ’, म्हणजे ‘त्यांच्याकडे दाओ आहे’, याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ते कॅथलिक आहेत’. ‘थेओ दाओ’ म्हणजे मार्गाला लागला, कॅथलिक झाला.

मोडतोड
मराठीत ‘वाटेला लागला’ लिहू नका. आणि ‘वाट लागली’ तर मुळीच नको.

पोथीनिष्ठ
‘पंथ’ आहे ना. मुळात रस्ताच तो.

शेजारधर्म
मंडळी, आता खरी अडचण सांगतो. परवा ताईंनी वर्गात बसू दिलं. छोट्या खुर्च्या, गुडघे हनुवटीला. मुलांच्या गळ्यात हिरवे रुमाल. युखरिस्तीय (ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीच्या) बालकांची जी संघटना 1929 मध्ये हनोईत सुरू झाली, तिची गटवारी अजून रुमालाच्या रंगावरून चालते. आधी तासभर व्हिएतनामी भाषेचा वर्ग, मग त्याच खुर्च्यांवर याओ ली. चर्चच्या पत्रकावरही दोन्ही नावं जोडीनेच छापतात.

ताई म्हणाल्या, आता प्रत्येकाने आपल्या मनातलं देवाला एक वाक्य सांगायचं. एक मुलगा उठला. चष्मा, पुढचे दोन दात नाहीत. म्हणाला, ‘लाय चुआ, तोय...’ म्हणजे ‘हे प्रभो, मी...’ आणि वर्ग फिसकन हसला. मला काही कळेना.

झालं होतं असं. व्हिएतनामीत कोणालाही चालेल असा ‘मी’ नाही. आईबापांशी बोलताना मी म्हणजे ‘कॉन’, लेकरू. धाकट्या भावाशी बोलताना मी म्हणजे दादा किंवा ताई. फादरांना ‘चा’, म्हणजे बाप, म्हणायचं, आणि स्वतःला पुन्हा कॉन. ‘तोय’ हा ‘मी’ परक्यांसाठी, सभेसाठी, अर्जासाठी. मुलाने देवापुढे तो वापरला, म्हणजे जणू बँकेत कर्ज मागायला गेला. त्यात त्याचा सूर घसरला. सपाट ‘तोय’ म्हणजे मी, आणि खाली दाबलेला ‘तोय’ म्हणजे पाप, तेच वर धुवायला काढलेलं. पोरगं देवाला म्हणालं, ‘हे प्रभो, पाप...’

ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, हा शब्द कुठून घेतलास? तो म्हणाला, तुम्हीच शिकवला. विश्वासांगीकाराची प्रार्थना ‘तोय तिन किन’ अशीच सुरू होते: मी विश्वास धरतो. पोरगं चुकलं नव्हतं हो!

शांघायकर
अगदी बरोबर पकडलंय त्याने! त्या प्रार्थनेत ‘तोय’, आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’मध्ये ‘चुंग कॉन’, आम्ही लेकरं. पहिलीत तुम्ही चारचौघांत उभे राहून जाहीर करताय, दुसरीत थेट बापाशी बोलताय. हा फरक इंग्रजीत दिसतच नाही. तिथे पहिलीत ‘आय’, दुसरीत ‘वी’, लेकरू कशातच नाही.

शेजारधर्म
ताई नेमकं हेच म्हणाल्या. चर्चमधल्या काही पालकांचं म्हणणं, पोरांना इंग्रजीत शिकवा, निदान समजेल तरी. ताईंना ते पटतं. आज्ञा, संस्कार सगळं त्या इंग्रजीतच समजावतात, अर्धा वर्ग तसाच चालतो. पण प्रार्थना व्हिएतनामीत. का, तर ‘कॉन’ म्हटल्याशिवाय देवाशी नातं काय आहे ते पोराच्या तोंडात बसत नाही. त्यांच्या मते याओ लीचा पहिला धडा तोच, बाकीचं पुस्तक नंतर.

आता सांगा, ‘कॉन’ मराठीत कसा आणू? ‘मी’ लिहिलं तर सगळा किस्साच मेला.

पोथीनिष्ठ
‘लेकरू’. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भाषेत दुसरं शोधायला कशाला जाता? ‘आम्ही तुझी लेकरं’ हे आपल्या तोंडात आहेच.

आगाशीची
लेकरू बरोबर, पण एक फरक ठेवा. आपल्याकडे ‘लेकरू’ म्हणताना माणूस भावुक झालेला असतो, किंवा कीर्तनात असतो. ‘मी तुझं लेकरू’ हे खास वाक्य झालं. त्यांचं ‘कॉन’ रोजचं आहे ना? ‘लेकराला भूक लागली’, ‘लेकराची बस चुकली’, असं. त्यामुळे किश्शात एकदाच ‘लेकरू’ लिहा आणि पुढे ‘कॉन’च राहू द्या. दुसऱ्या खेपेला वाचक ओळखतो.

आमचं उलटंच आहे. माझ्या बाबांना मी जन्मभर ‘तुम्ही’ म्हटलं. चर्चमध्ये मात्र स्वर्गातल्या बापाला ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’. घरी आलं की परत ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’ लहानपणी मला वाटायचं, देव बाबांपेक्षा लहान आहे.

शेजारधर्म
हे ताईंना सांगितलं. आम्ही देवाला ‘तू’ म्हणतो हे ऐकून त्या हबकल्याच. त्यांच्याकडे ‘तू’ला जो शब्द सगळ्यात जवळचा, तो भांडणात किंवा जिगरी दोस्ताला. मी म्हटलं, तसं नाही, आईला म्हणतो तसं. आई ‘तू’, बाबा ‘तुम्ही’, आणि देव आईच्या बाजूला. त्यावर विचारलं, मग तुमचा देव बाई आहे का? पंढरपूर समजावता समजावता माझी बस चुकली.

मोडतोड
लेकराची बस चुकली.

मूळ प्रश्नाचं काय झालं? याओ लीला शब्द मिळाला का?

शेजारधर्म
अंक उद्या छापायला जातोय. ‘धर्मशिक्षण’ काढून ‘रविवारची शिकवणी’ केलं होतं, पण बायको म्हणते, लोक विचारतील फी किती.

आगाशीची
‘शिकवणी’ नको, ‘शिकवण’ करा. ताई रविवारी शिकवण देतात. नाही, ‘देतात’ म्हटलं की कान उपटल्यासारखं वाटतं.

पोथीनिष्ठ
‘शिकवण सांगतात’.

शेजारधर्म
हे बसतंय. वर्गाला ‘शिकवण-वर्ग’ म्हणतो आणि कंसात काही लिहीत नाही. ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ‘शिकवण’ तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळ्या सुरात, आणि विचारलं, यातला सुरी कुठला?