बेडरूममधला टीव्ही आणि साउंडबार : जोडणीचे अनुभव

निवांत_खिडकी
दिवाळीत घेतलेले साउंडबार आता घरोघर खोक्यातून बाहेर येताहेत आणि 'आवाज टीव्हीतूनच येतोय' हा प्रश्न रोज कानावर पडतोय. त्यावरून जुन्या होम थिएटरच्या लाल-पांढऱ्या पिना आठवल्या. रंगाला रंग जोडला की काम व्हायचं. आता केबल एकच, पण ती कुठल्या पोर्टात जाते त्यावर सगळं. टीव्हीमागच्या तीन-चार एचडीएमआय पोर्टांपैकी एकावरच एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने बारकडे पाठवणारी सोय) किंवा ईएआरसी (तिचीच सुधारित आवृत्ती) लिहिलेलं असतं, बारवरही तसंच. तिथून तिथेच जोडायची. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय, चालू करायचं. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. शेवटी साउंड आउटपुटमध्ये टीव्ही स्पीकरच्या जागी एचडीएमआय निवडायचं.
तुमच्याकडे काय अडतं, कशाने सुटतं, लिहा.

पोहे_विथ_शेव
एवढं करून बार दिसत नसेल तर रिमोटने बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. दोन्हींचे प्लग बोर्डातून काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा, मग बार. दहातले आठ वेळा इथेच सुटतं.

सरिता_आत्या
कुकर लावलाय, पटकन लिहिते. एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल (उजेडातून आवाज नेणारी) केबल लावत असाल तर तिच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकचं इवलंसं टोपण असतं, ते काढायचं. दिसतच नाही पटकन! टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला की केबल ठीक. पण एचडीएमआय एआरसी असेल तर ऑप्टिकल नकोच. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल प्लस हा आवाजाचा फॉरमॅट जात नाही, आणि ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस (वरून, चहूबाजूंनी येणारा आवाज) येतो त्या फॉरमॅटमधूनच. शिवाय टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करायचा तर सीईसी लागतं, ते ऑप्टिकलमध्ये नाही.

डेसिबल_दादा
आत्या, अगदी बरोबर. अ‍ॅटमॉससाठी ईएआरसी हवंच असंही नाही. ओटीटीचा अ‍ॅटमॉस साध्या एआरसीतून जातो, फक्त टीव्हीतलं डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर (टीव्हीनेच उलगडलेला साधा आवाज) नको, 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' (आवाज आहे तसाच पुढे) ठेवा. पीसीएमवर राहिलं की एआरसीतून दोनच चॅनल बारकडे जातात आणि लोक बारला नावं ठेवतात. ईएआरसीची खरी गरज ब्लू-रे डिस्कवरच्या ट्रूएचडी या काटछाट न केलेल्या आवाजाला.

मधली_सुट्टी
१० बाय १२ च्या खोलीत किती इंची टीव्ही घ्यावा? पलंगासमोरच कपाट आहे.

निवांत_खिडकी
उशीवर टेकून बसल्यावर डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेप लावा. आलेल्या इंचांना १.६ ने भागा. ७ ते ८ फूट आले तर ५५ इंची, पावणेसहा फुटांच्या आसपास असेल तर ४३ पुरे. बसून आणि आडवं पडून नजरेची उंची बदलते, म्हणून बेडरूमला झुकणारा ब्रॅकेट घ्या आणि टीव्ही थोडा वर लावून ५ ते १० अंश खाली झुकवा. कपाटाच्या शटरवर टीव्ही लावू नका, दार उघडताना केबल ताणली जाते.

गवंडी_काका
भिंत कसली आहे ते आधी बघा. विटेची असेल तर १० मिमीचा प्लग आणि लांब स्क्रू. वरचा जिप्समचा थर काही धरत नाही, प्लग त्याच्या मागे विटेत गेला पाहिजे. मिव्हानची भिंत म्हणजे सगळं काँक्रीट, हॅमर ड्रिल लागेल, सळई लागली तर भोक इंचभर सरकवा. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरिंगचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

मधली_सुट्टी
काका, सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) आहे आमच्याकडे 😟

गवंडी_काका
घाबरू नका. हॅमर बंद करून नुसतं फिरवत ड्रिल करा, नाहीतर भोक मोठं होतं. ब्रॅकेटबरोबरचे छोटे प्लग टाकून द्या, सिपोरेक्ससाठीचे लांब नायलॉन अँकर मिळतात ते आणा. मोठा टीव्ही असेल तर आधी १८ मिमी प्लायची फळी आठ-दहा ठिकाणी पक्की करा आणि ब्रॅकेट फळीवर बसवा, वजन विभागलं जातं.

जोशी_पुणे३०
भिंतीतून केबल न्यायची असेल तर २५ मिमीच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं बेंडला अडकतं. ४० मिमी टाका, आत ओढायची तार ठेवा.

डेसिबल_दादा
सबवूफरबद्दल, म्हणजे बारबरोबरच्या बास देणाऱ्या वेगळ्या डब्याबद्दल, कुणीच बोललं नाही. कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो, संवाद बुडतात आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. टीव्हीच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे, खाली जाड रबरी मॅट. पलंगाखाली सरकवू नका. लेव्हल मधोमध ठेवून सुरुवात करा. कपाटाचं सरकतं दार थरथरायला लागलं तर त्याच्या कडेला फेल्टच्या पट्ट्या चिकटवा, तो किणकिणाट बारचा नसतो. रात्री नाइट मोड: मोठे आवाज दबतात, संवाद ऐकू येतात.

अबोली_गोवा
ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. बारमधला डिले (आवाज उशिरा सोडायची सेटिंग) वाढवून बघितला, आणखीच बिघडलं.

पोहे_विथ_शेव
अबोलीताई, बारमधला डिले आवाज मागेच ढकलतो, पुढे आणत नाही. तो शून्यावर आणा, टीव्हीतला डिजिटल ऑडिओ डिलेही शून्य, आउटपुट पास थ्रू. ब्लूटूथवर जोडलाय का? मग उशीर होणारच, केबल लावा.

अबोली_गोवा
ब्लूटूथवरच होता 🙏 केबल लावून बघते.

सरिता_आत्या
ताई, केबल लावाल तेव्हा बार टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवू नका. रिमोटचा सेन्सर बहुधा तिथेच असतो, दोन-तीन बोटांची फट ठेवा. वरच्या दिशेने आवाज फेकणारा बार असेल तर कप्प्यात कोंडू नका, वर सपाट छत मोकळं लागतं.

जोशी_पुणे३०
वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की प्लगबरोबर डिशची केबलही सेट टॉप बॉक्समधून काढा. त्या केबलमधून आलेला दाब एचडीएमआय पोर्ट जाळतो, प्लगचा सर्ज प्रोटेक्टर तिथे उपयोगाचा नाही.

मधली_सुट्टी
काका, अँकर किती लांबीचे आणू?

गवंडी_काका
१०० मिमी. आणि भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय ठोकू नका.