रात्री तासभर, निव्वळ गंमत म्हणून: कुठली हटके प्रोग्रॅमिंग भाषा घ्यावी?

सराफा_रात्री_११ (इंदूर)
मंडळी, दिवसभर जावा आणि पायथन. आता पोटापाण्याशी काडीचाही संबंध नसलेली एखादी भाषा शिकायची आहे. आठवड्यातून तीन रात्री, तासभर, साधारण दोन महिने. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, त्यावर उबुंटू. पहिल्याच रात्री काहीतरी चालताना दिसलं पाहिजे. इन्स्टॉल करण्यातच आठवडा गेला तर उत्साह मावळतो. रस्ट, गो, कोटलिन सुचवू नका, ती शेवटी नोकरीचीच वाट. काय घेऊ?

पलासिया_स्टॅक (इंदूर)
भाषा तुम्हाला काय देते यापेक्षा तुमच्याकडून काय काढून घेते ते बघा. दोन महिने पुरवून खायचं तर फोर्थ घ्या. ती व्हेरिएबलची सवय मोडते. सगळं एका स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या आकड्यांच्या चळतीवर चालतं: आकडा आला की वर ठेवायचा, क्रिया आली की वरचे आकडे उचलून उत्तर परत ठेवायचं.

चार्ल्स मूर यांनी १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या किट पीकच्या रेडिओ दुर्बिणीसाठी ती वापरात आणली. नाव खरं ‘फोर्थ’ म्हणजे चौथी असंच ठेवायचं होतं, पण आयबीएम ११३० या कॉम्प्युटरवर नावाला पाचच अक्षरं मिळत, म्हणून स्पेलिंगमधलं ‘यू’ गळालं.

उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरमधून ‘जीफोर्थ’ (gforth, फोर्थ चालवणारा प्रोग्रॅम) टाका, दोन मिनिटांचं काम. आणि खरी मजा इथे आहे. फोर्थमध्ये दोन स्पेसच्या मधलं काहीही ‘शब्द’ असू शकतं, देवनागरीसुद्धा. शिवाय क्रिया शेवटी येते, म्हणजे आपल्या मराठी वाक्यासारखीच. हे बघा (भाव आपले धरून चालू; कोलनने नवा शब्द सुरू होतो, ; ने संपतो, आणि टिंब म्हणजे वरचा आकडा छाप):

: पोहे 25 * ;
: जिलेबी 40 * ;
: मिळून + ;
: किती . ;

3 पोहे 2 जिलेबी मिळून किती

उत्तर 155. यातली शेवटची ओळ म्हणजे अख्खा प्रोग्रॅम आहे, भिया, कॉमेंट नाही.

आता अडतं कुठे ते सांगतो. कोलननंतर स्पेस हवीच; ‘:पोहे’ असं चिकटून लिहिलं की तो त्याच नावाचा शब्द शोधत बसतो. आकडे इंग्रजी कीबोर्डचेच लागतात. मराठीतला ५ टाकला की ‘अनडिफाइन्ड वर्ड’ (अनोळखी शब्द) अशी एरर, कारण फोर्थ आधी शब्दकोशात शोधतो, तिथे नसेल तर आकडा म्हणून वाचायला बघतो, आणि ५ त्याला आकडा वाटत नाही. इलाज एका ओळीचा:

: ५ 5 ;

झाला ५ हा शब्द. (याच न्यायाने : 5 6 ; असंही लिहिता येतं आणि मग 5 टाकल्यावर 6 मिळतो. मित्राच्या लॅपटॉपवर करू नका.)

तिसरी भानगड ‘दऱ्या’सारख्या शब्दांची. अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण फोर्थ बाइट जुळवतो, म्हणून त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आणि थेट टर्मिनलमध्ये मराठी टाइप करत बसू नका, काना-मात्रा सुटतात, कर्सर भरकटतो. एडिटरमध्ये फाइल लिहा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि जीफोर्थला ती फाइल द्या.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
फोर्थ छानच, पण ती शेवटी ‘आधी हे कर, मग ते कर’ याच घराण्यातली. हटकेच हवं तर प्रोलॉग. १९७२ मध्ये मार्सेयला आलाँ कोल्मरोअर आणि फिलिप रूसेल यांनी बनवलेली. तिची एसडब्ल्यूआय-प्रोलॉग ही आवृत्ती घ्या, ४ जीबी रॅम भरपूर झाली. तिथे कृती लिहायचीच नाही, फक्त काय खरं आहे ते सांगायचं. तुमच्या इंदूरचंच उदाहरण (‘:-’ म्हणजे ‘जर’, स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’):

वडील(मल्हारराव, खंडेराव).
वडील(खंडेराव, मालेराव).
नवरा(खंडेराव, अहिल्याबाई).
सासरे(_स, _सून) :- वडील(_स, _न), नवरा(_न, _सून).

आता ‘सासरे(_क, अहिल्याबाई).’ विचारलं तर मल्हारराव मिळतात, आणि ‘सासरे(मल्हारराव, _क).’ विचारलं तर अहिल्याबाई. नियम एकच, उलटसुलट दोन्हीकडून चालतो. जावात यासाठी दोन फंक्शनं लिहावी लागली असती.

व्हेरिएबल कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून तो अंडरस्कोर. विसरलात तर ‘स’ हे कुणा माणसाचं नाव समजलं जाईल आणि उत्तर येईल ‘फॉल्स’. वाक्याचा शेवटचा टिंब विसरलात तर प्रोलॉग नुसता वाट बघत बसतो. अडकलाय असं वाटेल, अडकलेला नसतो. मावशी, आत्या, साडू, विहीण सगळी नाती लिहून काढा, पहिला आठवडा त्यातच जाईल.

मोठा खड्डा ‘पूर्वज’ लिहिताना. नियमाची सुरुवातच पूर्वज(...) ने केली तर तो स्वतःलाच विचारत खाली जातो आणि स्टॅकची मर्यादा (६४ बिट मशीनवर १ जीबी) ओलांडून एरर देतो. तुमच्या मशीनवर त्याआधी धाप लागेल. आधी थेट वडिलांचा नियम, मग दुसऱ्या नियमात आधी वडील(...) आणि शेवटी पूर्वज(...).

मांडवी_ते_न्यायमंदिर (बडोदे)
एपीएलचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? केनेथ आयव्हर्सन यांची, १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार. इथे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणं, हरवतो. १ ते १०० ची बेरीज (⍳100 म्हणजे १ ते १००, +/ म्हणजे सगळ्यांची बेरीज):

+/⍳100

चार दिवसांच्या तापमानाची सरासरी (÷ म्हणजे भागिले, ≢ म्हणजे किती आकडे आहेत ते):

(+/÷≢) 42 41 39 40

उत्तर 40.5. डायलॉग या कंपनीची एपीएल आवृत्ती खाजगी वापराला फुकट आहे, आणि काहीच टाकायचं नसेल तर ‘ट्राय एपीएल’ ब्राउझरमध्येच चालतं. चिन्हं वरच्या पट्टीवर क्लिक करून मिळतात. एकच गोष्ट डोक्यात पक्की करा: सगळं उजवीकडून सुटतं, गुणाकार-बेरजेत लहान-मोठं नाही. 10-5-2 चं उत्तर 7. शाळेतला ‘आधी भागाकार-गुणाकार, मग बेरीज’ हा क्रम विसरा. बाकी दोन महिन्यांनी आपलाच कोड आपल्याला वाचता येत नाही, हे मान्य.

फक्त आठ चिन्हांची, १९९३ सालची एक भाषा आहे, तिचं नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही. ती शिकण्यापेक्षा तिचा इंटरप्रिटर (तिचा कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पायथनमध्ये लिहा. एका रात्रीत होतो.

सराफा_रात्री_११ (इंदूर)
फोर्थ घेतली, पोहे-जिलेबीचं वाक्य बघून राहवलं नाही. : चहा 10 * ; जोडलं आणि लिहिलं:

3 पोहे 2 जिलेबी 1 चहा मिळून किती

165 यायला हवं, 90 येतंय. पोहे गेले कुठे?

पलासिया_स्टॅक (इंदूर)
पोहे स्टॅकच्या तळाशी आहेत. तिन्ही शब्द झाल्यावर स्टॅकवर 75 80 10 असतात. मिळून म्हणजे एकच +, तो वरचे दोनच उचलतो. किती ने 90 छापलं, 75 तसाच पडून आहे. ‘डॉट-एस’ (.s) टाका, दिसेल.

मिळून दोनदा लिहिलं तर भागेल, पण पदार्थ मोजत बसावं लागेल. त्यापेक्षा बेरीज पदार्थाच्या पोटातच घाला:

: बिल 0 ;
: पोहे 25 * + ;
: जिलेबी 40 * + ;
: चहा 10 * + ;

बिल 3 पोहे 2 जिलेबी 1 चहा किती

आता 165. त्याआधी ‘क्लिअरस्टॅक’ (clearstack) टाकून तो जुना 75 काढा. नाहीतर ज्या दिवशी बिल लिहायला विसराल त्या दिवशी ‘स्टॅक अंडरफ्लो’ (स्टॅकवर पुरेसे आकडे नाहीत) ही एरर यायच्या ऐवजी शिळे पोहे गुपचूप नव्या बिलात लागतील.

आणि पोहे जुना असताना : नाश्ता 3 पोहे ; असं काही लिहून ठेवलं असेल तर तो अजून जुनाच पोहे वापरतोय. शब्द तयार होताना जो अर्थ होता तोच त्यात कायमचा बसतो. नंतर अर्थ बदललात तर नाश्ताही पुन्हा लिहावा लागेल.