मदत हवी आहे: लांबच्या प्रवासात मोठ्या गाडीचं ॲव्हरेज कसं वाढवू?

दिवाळीत पुणे ते कन्याकुमारी, घरचे सात जण. गाडी २.२ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक. हायवेला १३च्या वर देत नाही. जाऊन-येऊन ३००० किलोमीटर, म्हणजे २३० लिटर डिझेल!

एअर फिल्टर बदललाय. ९०च्या पुढे जायचं नाही असं ठरलंय (मेहुणा स्टिअरिंगवर बसेपर्यंत तरी). खरी अडचण कॅरिअरची. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन बॅगाही मावत नाहीत, आणि टपावर सामान बांधलं की वारा अडतो. सामान कमी करा म्हणू नका, आईचा फराळाचा डबा येणारच. ताडपत्रीऐवजी बंद बॉक्स लावला तर फरक पडतो का? आणि टायरमध्ये हवा दारावरच्या स्टिकरवर फुल लोडसाठी दिलेली भरायची, की उन्हात वाढते म्हणून थोडी कमी?